मुंबई–लंडन : अंतर किती, वेळ किती, कर किती

मुंबई ते हीथ्रो सरळ हवाई अंतर सुमारे 7,200 किलोमीटर. थेट विमानाला जाताना साधारण दहा तास लागतात, येताना नऊच्या आसपास. वरच्या थरातले वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, त्यामुळे परतीला ते पाठीशी असतात. तिकिटावरच्या वेळा दोन्हीकडे स्थानिक असतात, हे हिशेब करताना विसरू नका. सकाळी 7 ला निघून 11.30 ला पोचणारं विमान हिवाळ्यात साडेचार नव्हे, दहा तास उडतं. उन्हाळ्यात तिथली घड्याळं तासभर पुढे असल्यामुळे फरक साडेपाचऐवजी साडेचार तासांचा धरायचा.

दुबईमार्गे गेलात तर अंतर जेमतेम दोन-अडीचशे किलोमीटरनं वाढतं. वेळ जातो तो थांब्यात. तीन तासांचा थांबा धरला तरी प्रवास चौदा तासांवर जातो. वाचणारे पैसे त्या चार तासांच्या मोलाचे आहेत का, हे ज्याचं त्यानं ठरवावं. आई-वडील एकटे निघणार असतील तर माझं मत थेट विमानालाच. थांबा घेतलाच तर दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर घ्या. वेगवेगळी तिकिटं स्वस्त दिसतात, पण पहिलं विमान रखडून दुसरं चुकलं की नवं तिकीट स्वतःच्या खिशातून काढावं लागतं.

आता कराकडे या. ब्रिटनमधून निघणाऱ्या प्रवाशाकडून तिथलं सरकार अंतरानुसार प्रवासी कर घेतं. त्यासाठी अंतर लंडनपासून त्या देशाच्या राजधानीपर्यंत मोजतात, म्हणून मुंबईला येणाऱ्यालाही दिल्लीचंच अंतर लागू होतं. 2,001 ते 5,500 मैलांच्या या गटात इकॉनॉमीला एप्रिल 2025 पासून 90 पौंड होते, एप्रिल 2026 पासून 102. वरच्या वर्गांना दुपटीहून जास्त. इकॉनॉमीतल्या सोळा वर्षांखालील मुलांना माफ आहे. भाड्याचा तपशील उघडलात की 'जीबी' या खुणेपुढे ही रक्कम दिसते. मुलांच्या तिकिटात ती लागलेली दिसली तर पैसे भरण्याआधीच विचारा. परतीचं विमान घेतलंच नाही तर तिकीट परत न होणारं असलं तरी हा कर मागता येतो. काही कंपन्या त्यातून प्रक्रिया शुल्क कापतात, म्हणून आधी चौकशी करा.

अंतर प्रवाशाच्या बाजूनंही कामी येतं. लंडनहून निघणारं विमान कंपनीच्या चुकीमुळे चार तासांहून उशिरा पोचलं, तर 3,500 किलोमीटरवरच्या प्रवासाला ब्रिटिश नियमानं माणशी 520 पौंड भरपाई मिळते. तीन ते चार तासांच्या उशिराला 260. विमान भारतीय कंपनीचं असलं तरीही. मुंबईहून जाताना मात्र हा हक्क ब्रिटिश किंवा युरोपीय कंपनीच्या विमानालाच लागू आहे. खराब हवामानामुळे झालेला उशीर यात धरत नाहीत. तेव्हा उशिराचं कारण विमानतळावरच लेखी मागून घ्या आणि बोर्डिंग पास भरपाई हाती येईपर्यंत जपून ठेवा.