मूल दाखल करायची वेळ आली तर

मूल आठवडेच्या आठवडे झोपत नाही, जेवत नाही, कोणाशी बोलत नाही, मरणाच्या गोष्टी करते. अशा वेळी वस्तीत कोणीतरी सुचवते, ‘बाहेरचं आहे, भगताला दाखवा.’ तथागतांनी आपल्याला दुःखाचे कारण शोधायला शिकवले. म्हणून आपण आधी डॉक्टर गाठू. नाशिककरांनी जिल्हा शासकीय रुग्णालयातील मानसोपचार विभागात जावे.

बहुतेक मुलांना दाखल व्हावे लागत नाही. समुपदेशन आणि गरजेपुरत्या गोळ्या पुरतात. जिवाला धोका असेल किंवा घरी सांभाळणे अशक्य झाले, तरच डॉक्टर दाखल करायला सांगतात.

तेव्हा 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा लक्षात ठेवू. 18 वर्षांखालील मुलाला दाखल करण्यासाठी पालकाचा अर्ज लागतो. दोन तज्ज्ञांनी स्वतंत्र तपासणी करावी लागते. त्यांतला एक तरी मानसोपचारतज्ज्ञ हवा. मुलाला मोठ्या रुग्णांपासून वेगळे ठेवावे लागते. आई-वडील किंवा नेमलेली व्यक्ती पूर्ण वेळ सोबत राहते, मुलीजवळ बाईमाणूसच. साखळीने बांधणे हा कायद्याने अपराध आहे, दवाखान्यात असो की दर्ग्यात.

मुलाने जीव द्यायचा प्रयत्न केला असेल, तर पोलिसांच्या भीतीने लपवू नका. कायदा तो तीव्र मानसिक ताण मानतो आणि उपचार देणे सरकारचे कर्तव्य ठरवतो.

घरी आल्यावर गोळ्या मनाने बंद करू नका. ‘वेडा’ हा शब्द घरातून आणि गल्लीतून हद्दपार करू. अडल्यास 14416 हा टेलिमानसचा मोफत क्रमांक रात्रंदिवस चालू असतो. मराठीतही बोलता येते. हा क्रमांक विहाराच्या फळ्यावर लिहून ठेवू.