ग्रंथसंदर्भ : अर्थ आणि व्यवहार

'संदर्भ' हा शब्द 'दृभ्' म्हणजे गुंफणे या धातूला 'सम्' उपसर्ग लागून सिद्ध होतो. एका वचनाचा दुसऱ्या वचनाशी संबंध जोडणे, हेच संदर्भाचे कार्य होय. संहिताकारांनी हे कार्य तंत्रयुक्तींकडे सोपविले आहे. सुश्रुतसंहितेत ३२ व चरकसंहितेत ३६ तंत्रयुक्ती सांगितल्या आहेत. पूर्वी सांगितलेल्या विषयाकडे निर्देश करणे म्हणजे अतीतावेक्षण, आणि पुढे सांगावयाच्या विषयाकडे निर्देश करणे म्हणजे अनागतावेक्षण.

एक उदाहरण पाहू. एखाद्या योगात केवळ 'जीवनीय गण' एवढाच उल्लेख असेल, तर चरक सूत्रस्थानाचा चौथा अध्याय उघडावा लागतो. तेथे जीवक, ऋषभकापासून जीवंती, मधुकापर्यंत दहा द्रव्ये मिळतात. परंतु 'जीवंती' हे नाव गुळवेलीलाही आहे व हरीतकीच्या एका प्रकारालाही आहे. अशा वेळी प्रकरण पाहूनच द्रव्य निश्चित करावे लागते. नाव तेच राहते, पण संदर्भ बदलला की बाटलीतील द्रव्य बदलते.

जे अनुक्त आहे त्यासाठीही संदर्भच लागतो. वनस्पतीचे अंग सांगितले नसेल तर मूळ घ्यावे, प्रमाण सांगितले नसेल तर सर्व द्रव्ये समभाग घ्यावीत, ही शार्ङ्गधराची परिभाषा आहे. मात्र सितोपलादि चूर्णास समभागाचा नियम लावता येत नाही. तेथे शेवटच्या द्रव्यापासून वर क्रमाने दुप्पट प्रमाण सांगितले आहे. म्हणून दालचिनी १, वेलची २, पिंपळी ४, वंशलोचन ८ व खडीसाखर १६ भाग होतात. विशेष वचन उपलब्ध असता सामान्य परिभाषा लागू होत नाही, हे येथे ध्यानात घ्यावे.

औषधनिर्मात्यासाठी हा केवळ पांडित्याचा विषय नाही. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत प्रमाणग्रंथांची यादी आहे. नियम १६१ प्रमाणे लेबलवर घटकद्रव्ये, त्यांचे प्रमाण आणि त्या ग्रंथांतील निर्माणविधीचा संदर्भ देणे आवश्यक आहे. एकाच नावाचे योग निरनिराळ्या ग्रंथांत भिन्न घटकांचे आढळतात. त्यामुळे ग्रंथनाम व अधिकार न पाहता केलेली खरेदी रुग्णास अपेक्षित गुण देईलच असे नाही.

तरी वैद्यांनी व्यवस्थापत्रावर योगाच्या नावापुढे ग्रंथनाम लिहावे आणि औषधी दुकानदारांनी ते लेबलशी ताडून पाहावे. वैद्याची योजना व रुग्णाच्या हाती पडणारे औषध यांना जोडणारा दुवा हाच आहे.