गनपावडर चहा: पाकिटाची किंमत आणि कपाचा हिशेब

ऑनलाइन दुकानात नुसतं 'गनपावडर' लिहून शोधलंत, तर बहुधा आधी इडलीबरोबर तेलात कालवून खायची झणझणीत चटणी समोर येईल. आपल्याकडच्या हॉटेलांत मुळगापुडीला हे नाव कधीच चिकटलंय. म्हणून शोधताना पुढे 'ग्रीन टी' हे शब्द जोडा. मग दिसतील मोहरीहून थोड्या मोठ्या, राखाडी-हिरव्या, चकचकीत गोळ्या. चीनमध्ये या चहाला 'झू-चा' म्हणतात, म्हणजे मोती चहा. व्यापाऱ्यांना मात्र या दाण्यांत बंदुकीची दारू दिसली आणि जगभर तेच नाव चाललं.

हा चहा झेजियांग प्रांतातला. शाओशिंगजवळच्या पिंगश्वे गावात आसपासच्या डोंगराळ भागातला माल जमा व्हायचा, तिथे निवडला जायचा आणि परदेशी जायचा. तोडलेलं पान आधी तापलेल्या कढईत परततात, मग मळतात आणि मग टप्प्याटप्प्यानं वाळवतात: आधी लहान कढईत, मग दोन कढयांतला माल एकत्र करून, शेवटी मोठ्या कढईत. प्रत्येक टप्प्यावर पान घोळत राहतं आणि आणखी आवळलं जातं. पूर्वी हे हातानं चालायचं, आता बहुतेक ठिकाणी हलत्या कढयांची यंत्रं आहेत. पैसे मोजताना ही माहिती उपयोगी पडते. कोवळं, अखंड पान घट्ट वळतं. जून किंवा तुटलेलं पान सैल राहतं आणि पाकिटाच्या तळाशी त्याचा भुगा होतो.

धुराची चव या कढईतल्या भाजणीतूनच येते. तो धूर मुद्दाम दिलेला नसतो. पाइनच्या लाकडाचा धूर दिलेला चहा म्हणजे लॅपसांग सूशाँग. तो फूच्येन प्रांतातल्या वुयी डोंगरातला काळा चहा आहे, त्याची जात वेगळी. कपातून होळीचा वास यावा अशी अपेक्षा असेल तर तो घ्या. गनपावडरचा धूर मागाहून येतो, चुलीवरच्या भाकरीला असतो तेवढाच.

चाखण्यासाठी मराठीतले तीन शब्द पुरेसे आहेत, आणि मला ते चहावाल्यांच्या पारिभाषिक शब्दांपेक्षा जास्त नेमके वाटतात: धुरकट, खरपूस, करपट. चांगला गनपावडर पहिल्या घोटाला धुरकट आणि गिळल्यावर खरपूस लागतो. जिभेच्या कडेला थोडा तुरटपणा राहतो आणि घशाशी हलकी गोडी येते. करपट लागला तर दोनच शक्यता. एक तर पाणी उकळतं होतं, किंवा माल वाईट आहे. म्हणून आधी पाणी निववून पुन्हा करून बघा. तरीही राखेसारखी चव आली तर दोष मालाचा. चवीत वाळलेल्या पेंढ्यापलीकडे काहीच नसेल तर चहा जुना झालाय. रंगावरून निवाडा करू नका. याचा अर्क पिवळसर ते फिकट मधाच्या रंगाचा असतो. जाहिरातीतल्या पोपटी कपाची वाट बघू नका.

आता पैसे. चहावरच्या आयातशुल्काचा भारतातला सर्वसाधारण दर 100 टक्के आहे, वर 5 टक्के जीएसटी, मग आयातदार, गोदाम, दुकान. म्हणून खरा चिनी माल छापील किमतीत महागच दिसणार. पण या चहाचा हिशेब पाकिटावर करायचा नाही, अर्कावर करायचा. 100 ग्रॅमचं पाकीट 450 रुपयांना मिळालं असं धरू. ग्रॅमला साडेचार रुपये. 200 मिलीलिटरच्या कपाला 3 ग्रॅम लागतात, म्हणजे साडेतेरा रुपये. एवढ्यावर थांबलात तर महाग सौदा. पण घट्ट वळलेलं पान तीन वेळा उतरतं, आणि मग कप साडेचार रुपयांवर येतो.

शेजारी बाकीचे कप मांडून बघा. 25 पिशव्यांचं ग्रीन टीचं खोकं 175 रुपयांना धरलं तर पिशवीला 7 रुपये, आणि ती एकदाच उतरते. घरचा दुधाचा चहा घ्या: लिटरला 64 रुपयांच्या दरानं 75 मिली दुधाचे 4 रुपये 80 पैसे, किलोला 500 रुपयांच्या पावडरीतले 3 ग्रॅम म्हणजे दीड रुपया, 10 ग्रॅम साखरेचे 45 पैसे. गॅस सोडून पावणेसात रुपये. हे आकडे उदाहरणादाखल आहेत, त्यांच्या जागी तुमच्या गावचे दर घाला.

स्वस्तातल्या मालानं वाचतं किती? तोच 100 ग्रॅम 250 रुपयांना आणलात तर 3 ग्रॅमचे साडेसात रुपये. सैल पान दुसऱ्या कपालाच थकतं, म्हणजे कपाला पावणेचार. पाऊण रुपया वाचला आणि दुसरा कप फिका गेला. मी तरी नुसता प्यायला हा माल घेणार नाही. त्याचा खरा उपयोग पुढे येतो.

विकत घेताना आधी उगम-देश वाचा. गनपावडर हे पानाला दिलेल्या आकाराचं नाव आहे, श्रीलंकेतही तसा चहा करतात. तो वाईट असतो असं नाही, पण चीनच्या मालाचे पैसे देत असाल तर पाकिटावर चीन लिहिलेलं हवं. आयातदाराचं नाव-पत्ता, एफएसएसएआयचा 14 अंकी परवाना क्रमांक, तारीख आणि छापील प्रति-ग्रॅम दर पाहा. या दरामुळे 40 आणि 75 ग्रॅमच्या डब्यांची तुलना सोपी होते, कारण सुंदर डबा बहुधा आतला कमी चहा झाकण्यासाठी असतो. चिनी निर्यातीचे आकडे छापलेले असतील तर 3505 ही बारीक, घट्ट दाण्यांची वरची प्रत. 9372 ते 9375 त्याखालच्या, आकडा वाढतो तशी प्रत उतरते. वजन घटेल, चरबी वितळेल अशा आश्वासनांसाठी एक रुपयाही जास्त देऊ नका. पाकिटात सांगितल्यापेक्षा वेगळा माल निघाला आणि दुकानदार दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक आहे.

सुटा मिळत असेल तर उत्तमच. चमचाभर दाणे स्टीलच्या ताटलीत सोडा. घट्ट दाणे मोहरीसारखे टणटण उड्या मारतात, सैल दाणे फसकन पडतात. पहिल्यांदा 50 ग्रॅमच घ्या. एका दुकानातून मी एकदा मोठं पाकीट केवळ सवलतीपायी उचललं होतं. तळाशी निम्मा भुगा निघाला आणि तो चहा संपवायला वर्ष लागलं.

भांड्यांवर खर्च करायची गरज नाही. चिनी झाकणाची वाटी छान असते, पण स्टीलचं पातेलं आणि गाळणं तेच काम करतं. साखळीला लटकवलेली जाळीची लहान गोळी मात्र अजिबात घेऊ नका. हे पान भिजल्यावर कितीतरी पट फुलतं, त्या गोळीत कोंबून बसतं आणि निम्मी चव आतच राहते. पैसे खर्चायचेच असतील तर स्वयंपाकघरातला लहान डिजिटल काटा घ्या. हा चहा जड असतो, चमच्याला चमचा मोजलात तर नकळत दुप्पट पडतो आणि कप कडू होतो.

पाणी हवं 80 अंशांच्या आसपास. तापमापक नको. तीन वाट्या उकळतं पाणी आणि एक वाटी माठातलं किंवा गाळलेलं पिण्याचं पाणी एकत्र करा, झालं. बोअरवेलचं जड पाणी वापरू नका, त्यात चव बसते आणि वर साय धरते. भांडं आधी विसळून गरम करा, 3 ग्रॅम दाणे टाका, 200 मिली पाणी ओता आणि दीड मिनिटात गाळा. सगळं पाणी निथळू द्या. पान पाण्यात राहिलं तर पुढचा कप बिघडतो. दुसऱ्या वेळी एकच मिनिट, कारण दाणे आता उघडलेले असतात. माझ्या मते हाच कप सर्वांत चांगला, धूर मागे सरतो आणि पान पुढे येतं. तिसऱ्याला जरा जास्त गरम पाणी आणि तीन मिनिटं. तिन्ही कप दोन-तीन तासांत उरका, ओलं पान रात्रभर ठेवू नका. यात कॅफीन असतं, तेव्हा संध्याकाळनंतर जपून. रक्तात लोह कमी असेल तर जेवणाबरोबर हा चहा घेऊ नका.

आणि तो स्वस्त माल? त्याचं माहेर जणू मोरोक्कोत आहे. 1850 च्या दशकात क्रिमियन युद्धामुळे ब्रिटिश व्यापाऱ्यांचा चहा तिथल्या बंदरांकडे वळला आणि चिनी हिरवा चहा त्या देशाचा रोजचा चहा झाला. तिथे गनपावडर विसळून घेतात, भरपूर पुदिना आणि साखर घालून कडक करतात आणि पेल्यात उंचावरून ओततात, फेस येईपर्यंत. पुदिन्यासमोर सैल पानाचा करपटपणा चालून जातो, उलट थोडा हवाच असतो. घरी पुदिना नसेल तर गवती चहाची दोन पाती घाला, तीही शोभतात.

साठवण सोपी आहे, फक्त हिंग आणि मसाल्याच्या डब्यापासून लांब. घट्ट वळलेला असल्यामुळे हा चहा इतर हिरव्या चहांपेक्षा जास्त टिकतो, पण कोकणातल्या किंवा मुंबईतल्या पावसाळ्यात रोज उघडलेला डबा महिन्याभरात दमट होतो. पाकीट आणल्या दिवशीच पंधरा दिवसांपुरता चहा लहान डबीत काढा आणि बाकीचा हवाबंद बरणीत, अंधाऱ्या फडताळात ठेवा. फ्रिजमध्ये नको, बाहेर काढल्यावर बरणीला आतून घाम येतो.