तडागापासून टाकीपर्यंत

ठाण्याला तलावांचे शहर म्हणतात, आणि या गावात राहून मला पाण्याच्या शब्दांचा नाद लागला. साचलेल्या पाण्याला लॅटिनमध्ये ‘स्टाग्नम’ म्हणत. तो शब्द फ्रान्स, इटली, कॅटलोनियात कसकसा बदलत गेला हे वाचल्यावर आपल्या तळ्याचा माग काढावासा वाटला. त्यातून जे शिकलो ते असे.

१. शब्द एकटा बदलत नाही. संस्कृतातला ‘तडाग’ पालीत ‘तळाक’ झाला, प्राकृतात ‘तलाय’ आणि मराठीत ‘तळे’, ‘तलाव’. ‘ड’चा ‘ळ’ कसा झाला, असे कोणी विचारले की मी गुड-गूळ, षोडश-सोळा, दाडिम-डाळिंब या जोड्या पुढे ठेवतो. स्टाग्नमचेही तसेच आहे. इटालियनमध्ये तो ‘स्तान्यो’, कॅटलानमध्ये ‘एस्तान्य’, फ्रेंचमध्ये ‘एतां’. आरंभीचे ‘स्त’ जिभेला जड गेले म्हणून फ्रेंच आणि कॅटलानने आधी ‘ए’ लावला. फ्रेंचने पुढे त्यातला ‘स’ही टाकला. तारकेसाठीचा लॅटिन ‘स्तेला’ फ्रेंचमध्ये ‘एत्वाल’ झाला तो याच वाटेने. आपल्याकडे ‘इष्टेशन’ म्हणणारी माणसेही ‘स्ट’आधी असाच स्वर लावतात. त्यांना अडाणी म्हणू नये. भाषा अशाच चालतात.

२. शेजारणींना विचारल्याशिवाय निकाल देऊ नये. गुजराती ‘तळाव’ म्हणते, कोकणी ‘तळें’. हिंदीच्या ‘तालाब’मध्ये शेवटी जो ‘ब’ आहे, तो पाणी या अर्थाच्या फारसी ‘आब’च्या प्रभावाने आला. एवढे कळले की आपला ‘तलाव’ हिंदीच्या ‘तालाब’वरूनच आला, असे लगेच म्हणवत नाही.

३. कोशाआधी दगड वाचावा. येऊरच्या डोंगरापलीकडे कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या एका सोनाराने दिलेल्या दानाचा ब्राह्मी लेख आहे. सामिदत्त त्याचे नाव. त्याने दिली ‘पानीयपोढि’, म्हणजे खडकात खोदलेले पिण्याच्या पाण्याचे टाके. नाणेघाटात, जुन्नरच्या लेण्यांतही ‘पोढि’ भेटते. सह्याद्रीच्या घाटवाटांवर तहानलेल्यांची सोय करणारा हा शब्द लोकांच्या तोंडून मात्र गेला आणि त्याची जागा ‘टाके’ने घेतली. मला या लेखाचे फार अप्रूप आहे. कल्याणच्या माणसाने पाण्याला काय म्हटले, हे त्याच्याच काळच्या अक्षरांत वाचता येते. असे भाग्य किती गावांना लाभते?

४. ओळखीचा शब्द परका ठरवायची घाई करू नये. इमारतीच्या गच्चीवरची ‘टाकी’ इंग्रजी ‘टँक’वरून आली, असे सर्रास सांगतात. पण ‘टाके’ मोल्सवर्थच्या जुन्या मराठी-इंग्रजी कोशात आहे आणि आपल्या गडकिल्ल्यांवर त्याहून कितीतरी आधीपासून. उलट इंग्रजांचा ‘टँक’ कुठून आला, हा वाद १८८६च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या प्रसिद्ध कोशातही आहे. गुजराती-मराठी ‘टांकें’ आणि पोर्तुगीज ‘तांके’ असे दोन दावेदार आहेत. वसईवर १५३४ ते १७३९ पोर्तुगीजांचा अंमल होता, ठाणे १७३७ पर्यंत त्यांच्याकडे होते. म्हणजे दोन्ही शब्द इथे दोनशे वर्षे एकाच किनाऱ्यावर वावरले. पोर्तुगीज शब्दाचे मूळ काही जण स्टाग्नममध्ये पाहतात, काही पाणी अडवणे या अर्थाच्या ‘एस्तांकार’ या क्रियापदात. मला विचाराल तर दोन सारखे शब्द शेजारी आले आणि एकमेकांच्या आधाराने टिकले. एकच बाप शोधण्याचा हट्ट इथे सोडलेला बरा.

५. पाट्याही वाचाव्यात. पोखरण रस्त्याने रोज हजारो लोक जातात. त्या नावात मला पुष्करिणीची पाली ‘पोक्खरणी’ ऐकू येते. बंगालीतला ‘पुकुर’ याच घराण्यातला. आणि मासुंदा तलावाला ठाणेकर ‘तलावपाळी’ म्हणतात, त्यातली ‘पाळ’ म्हणजे पाणी अडवणारा बांध.

मासुंदा, कचराळी, सिद्धेश्वर, कल्याणचा काळा तलाव यांची नावे टिकतील, कारण ती कागदावर आहेत. पण आपल्या पट्ट्यात कितीतरी लहान तळी भराव घालून बुजली आणि त्यांची नावे गावठाणातल्या म्हाताऱ्या माणसांनाच ठाऊक आहेत. तुमच्या घराजवळ असे तळे असेल, तर तिथल्या आजी-आजोबांना त्याचे नाव विचारा आणि ते उच्चारतील तसेच लिहून ठेवा.