दोन पट्ट्या वेगळ्याच ठेव

चिखली

सोनू,

तुझा प्रश्न फोनवर निम्मा कळला आणि निम्मा मशिनच्या आवाजात गेला, म्हणून सविस्तर लिहितोय. जाधववाडीतल्या इमारतीचं पॅनल तू स्वतः बांधते आहेस, याचा आनंद तुझ्या आईला आहे तेवढाच मलाही आहे. तो बोलून झाला, आता कामाचं.

अमेरिकेतला मिस्त्री न्यूट्रल आणि ग्राउंड, म्हणजे आपला अर्थ, एकाच पट्टीवर कसतो, हे तू व्हिडिओत पाहिलंस. तुझा ठेकेदारही म्हणतो, दोन्ही शेवटी जमिनीतच जातात, मग एकत्र केले तर बिघडलं कुठं? व्हिडिओ खोटा नाही. तिकडे घराला १२०-०-१२० व्होल्टची सर्व्हिस येते आणि न्यूट्रल-अर्थची गाठ घरातल्या पहिल्या मेन स्विचपाशी मारतात. पण घरात तेवढी एकच. पुढच्या सब-पॅनलमध्ये तोच मिस्त्री दोन्ही पट्ट्या वेगळ्या ठेवतो. ते व्हिडिओत दाखवत बसत नाहीत. आपल्याकडे ही गाठ महावितरणच्या डीपीवर, ट्रान्सफॉर्मरच्या स्टार पॉइंटला मारलेली असते. तो न्यूट्रल किमान दोन स्वतंत्र जोडण्यांनी जमिनीला बांधायचा, असं १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांत होतं. मीटरच्या अलीकडे, म्हणजे आपल्या हद्दीत, दुसरी गाठ मारायची नाही.

का, ते ठेकेदाराला आकड्यात सांग. न्यूट्रलमधून रोज करंट परत जातो, अर्थमधून रोजच्या दिवशी काहीच जायला नको. दोन्ही जोडलेस आणि उद्या खांबावरचा न्यूट्रल तुटला, तर सगळा परतीचा करंट तुमच्या अर्थिंगच्या खड्ड्यातून वाट काढणार. खड्डा ५ ओहमचा आणि लोड १० अँपिअरचा धर. अर्थच्या पट्टीवर ५० व्होल्ट चढले, म्हणजे वरच्या खोल्यांतल्या प्रत्येक फ्रिजच्या, गिझरच्या बॉडीवरही चढले. खड्डा कोरडा असेल तर आणखी चढतील. न्यूट्रल गेला की अर्थिंगवरून न्यूट्रल 'घेणारे' मिस्त्री आपल्या भागात कमी नाहीत. बल्ब लागतो, पैसे मिळतात, तो निघून जातो.

करंट गळला की सप्लाय तोडणाऱ्या आरसीसीबीवरून वाद घालू नकोस, ती बसवच. फेज बॉडीला लागला तर ५ ओहमच्या खड्ड्यातून फार तर ४६ अँपिअर जातील. सी-कर्व्हची ३२ ची एमसीबी तडक पडायला किमान १६० लागतात. तोवर ती बॉडी जिवंत राहणार. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी लगेच पडते. पण एका खोलीचा न्यूट्रल दुसरीच्या न्यूट्रल लिंकवर गेला, किंवा पुढे कुठे अर्थला चिकटला, तर ती विनाकारण पडत राहते, आणि मग भाडेकरू कुणाला तरी बोलावून ती काढूनच टाकतो. म्हणून प्रत्येक मीटरची आरसीसीबी वेगळी आणि तिच्यापुढची न्यूट्रल लिंकही तिची स्वतःची. वायरींना नंबर घाल. कंटाळवाणं काम आहे, पण दुसऱ्यावर टाकू नकोस.

आता तुझ्या पॅनलमधली मला खरी काळजीची जागा: मेन न्यूट्रल. खाली वर्कशॉप, वर भाड्याच्या खोल्या तिन्ही फेजवर वाटलेल्या. हा एक न्यूट्रल ढिला झाला की ज्या फेजवर लोड जास्त तिथले दिवे मंद होतात आणि जिथे लोड कमी तिथे व्होल्टेज ४०० च्या दिशेने चढतं. टीव्ही, चार्जर, फ्रिज, जे लावलेलं असेल ते जळतं. सर्व्हिस केबल ॲल्युमिनियमची, बसबार तांब्याचा. तिथे बायमेटल लगच लाव. लगमध्ये मावत नाहीत म्हणून केबलच्या तारा कापणारे पाहिलेस तर त्यांचा हात धर. क्रिम्पिंगची डाय त्याच मापाची हवी. एका स्क्रूखाली एकच वायर. लोड चालू झाल्यावर काही दिवसांनी सप्लाय बंद करून सगळे स्क्रू पुन्हा कस, ॲल्युमिनियम दबतं. न्यूट्रलमध्ये फ्यूज किंवा एकटी एमसीबी कधीच नको. न्यूट्रल अर्ध्या मापाचा घ्यायची जुनी सवयही सोड: एलईडी आणि कॉम्प्युटरच्या सप्लायचे १५० हर्ट्झचे करंट न्यूट्रलमध्ये एकमेकांना काटत नाहीत, त्यांची बेरीज होते.

पॅनल जिन्याखाली आहे म्हणालीस. मालकाला सांगून ते तिथून हलव. ३० ऑगस्ट २०२३ ला पहाटे आपल्या पूर्णानगरात हार्डवेअरच्या दुकानाला आग लागून एकाच कुटुंबातले चौघे गेले. ते दुकानातच राहत होते. त्या आगीच्या कारणावर मी बोलत नाही. पण आपल्याकडे माणसं धंद्याच्या वर आणि मागे झोपतात, आणि उतरायला जिना एकच असतो. तापलेला न्यूट्रल त्याच जिन्याखाली नको.

तपासणी लोड चालू ठेवून कर. न्यूट्रल आणि अर्थमध्ये मीटर एक-दोन व्होल्ट दाखवेल, ते ठीक. वर्कशॉप पूर्ण चालू असताना अगदी शून्य आलं तर खूश होऊ नकोस, कुठेतरी दोन्ही जुळलेले आहेत, शोध. दहा-पंधरा आले तर न्यूट्रल ढिला आहे किंवा फार बारीक आहे. मल्टिमीटर तुटक्या वायरवरही व्होल्टेज दाखवतो, म्हणून सोबत टेस्ट लॅम्प ठेव.

खड्ड्याचं रीडिंग पावसाळ्यात घेऊन मालकाला दाखवतात, तो निव्वळ भुलावा. आपल्याकडे वर काळी माती किंवा मुरूम आणि खाली काळा दगड. मे महिन्यात खड्डा सुकला की तोच आकडा कितीतरी वर जातो. या मेमध्ये घे, कमी पडला तर दुसरा खड्डा मार, आणि फरशी टाकण्याआधी दोन्हींवर पाणी घालायला झाकण ठेव, नाहीतर तो गवंडी सिमेंटने बुजवून टाकेल.

रविवारी येशील तेव्हा माझा टेस्ट लॅम्प घेऊन जा. आणि पॅनलचं झाकण लावण्याआधी दोन्ही पट्ट्यांचा फोटो पाठव, कसलेल्या प्रत्येक स्क्रूवर मार्करची रेघ दिसली पाहिजे.

ताईला आणि भाऊजींना नमस्कार.

तुझा
मामा