बटण बदलले, आता हात बदला

आमच्या रात्रीच्या वर्गात डिजिटल पियानो आला आहे. दिसायला तो लांबलचक बाजाच्या पेटीसारखा. पण त्याला भाता नाही. तो विजेवर चालतो. त्याला ८८ पट्ट्या आहेत. ५२ पांढऱ्या, ३६ काळ्या.

बटण दाबले की त्याचा आवाज बदलतो. हे कसे होते? खऱ्या वाद्यांचे सूर टिपून आत साठवलेले असतात. पट्टी दाबली की साठवलेला सूर बाहेर येतो.

१९९१ साली वाद्ये बनवणाऱ्यांनी १२८ आवाजांची एक यादी ठरवली. तिच्यात पहिला पियानो आहे. ४१वे व्हायोलिन, ७४वी बासरी, १०५वी सतार आणि ११२वी आपली सनई! ही यादी सगळ्याच पियानोंत नसते. आमच्यात आहे.

पहिल्या रात्री आम्ही सनई लावली आणि बोटे भराभर चालवली. गावचे सनईवाले आबा तिथेच बसले होते. ते हसून म्हणाले, “पोरांनो, आवाज सनईचा, पण वाजवताय पेटी!”

“मग कसं वाजवायचं, आबा?”

“सनई माणूस फुंकतो. त्याला दम घ्यावा लागतो. एक ओळ वाजवा, जरा थांबा, मग दुसरी. एका वेळी एकच सूर. आणि शेजारी एक जण नुसता सा धरून बसतो, त्याला विसरू नका.”

आम्ही डाव्या हाताने सा धरला. उजव्या हाताने सावकाश ओळ वाजवली. आता कुठे सनई सनईसारखी वाटली.

तेव्हापासून आम्ही इतकेच ध्यानात ठेवतो :

पियानो – पट्टी जोराने दाबली तर सूर मोठा, हलके दाबली तर बारीक. दाबून धरली तरी सूर हळूहळू विरतो. पायाची कळ दाबली तर तो लांबतो.

ऑर्गन – बोट असेपर्यंत सूर चालतो. म्हणून बोट वेळेवर उचला.

बासरी – एका वेळी एकच सूर. मध्ये दम घ्या.

व्हायोलिन – सूर लांब ठेवा. एक सुटतो न सुटतो तोच दुसरा धरा.

पुढे गावात एक लग्न निघाले. कोणी म्हणाले, “यंत्रात सनई आहे. आबांना सुपारी कशाला? पैसे वाचतील.”

आम्ही विचार केला. आबा एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जातात. बोट भोकावरून हळूच सरकवतात, ओठांनी सूर सांभाळतात. पट्टीवर ते साधत नाही. शिवाय यंत्रातली सनईसुद्धा आधी कोणीतरी फुंकलेलीच आहे. फुंकणारेच उरले नाहीत, तर आपले हात कोण सुधारणार?

लग्नात आबाच वाजले. त्यांना पुरी बिदागी मिळाली. त्यांचा नातू शेजारी सा धरून बसला होता.

प्रश्न
१. सनई वाजवताना मध्ये का थांबावे?
२. ऑर्गन आणि पियानो यांच्या सुरांत काय फरक आहे?
३. तुमच्या गावात कोणते वाद्य वाजवणारे आहेत? त्यांच्याकडून कोण शिकते आहे?