नाल्यापलीकडची मुलं

फेब्रुवारी २०११मध्ये जनगणनेच्या कामावर असताना मी एक नजरी नकाशा काढला होता. त्या वेळी मी पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या प्राथमिक शाळेत शिकवत होते आणि सगळ्या शिक्षकांप्रमाणे मलाही प्रगणकाचं काम लागलं होतं. ९ ते २८ फेब्रुवारी, शाळा सुटल्यावर घरोघरी. माझ्या वाट्याला आलेल्या प्रगणक गटाच्या अलीकडे रो-हाउसेस होती, मग नाला आणि नाल्यापलीकडे पत्र्याच्या खोल्यांची चाळ; त्या चाळीतला माझा गट. गटाची हद्द वरून ठरून आली होती: नाला सोडून पुढे, चाळीच्या मागच्या गोदामाच्या भिंतीपर्यंत. मी पेन्सिलने रेघ ओढली, घरांना नंबर दिले, कागद जमा केले आणि विसरून गेले.

त्या कागदातूनच पुढे नगरसेवकांचे प्रभाग शिवले जातात, हे मला पाच वर्षांनी कळलं. तेही प्रभागरचनेवरची आमची हरकत फेटाळली गेल्यावर. आम्ही जिथे चुकलो तिथे दुसऱ्यांनी चुकू नये, म्हणून हे लिहिते आहे. वसाहतीचं नाव देत नाही. चिखली, मोशी, तळवडे या बाजूच्या कुणालाही ती आपली वाटेल.

आधी शाळेचा आणि प्रभागाचा संबंध सांगते, कारण पालकांना तो दिसत नाही. आपल्याकडे महापालिकेच्या शाळांसाठी पूर्वी शिक्षण मंडळ असायचं. मुंबई प्राथमिक शिक्षण अधिनियम, १९४७ यातून आलेली ही पद्धत. पण मंडळाचे सदस्य पालक निवडत नसत, नगरसेवक निवडत. पालकाच्या हातात एकच मत, प्रभागातलं. २०१३मध्ये राज्याने ही मंडळं रद्द करायचा कायदा केला. पिंपरी-चिंचवडचं मंडळ मुदत संपेपर्यंत चाललं आणि मग शाळांचा कारभार थेट महापालिकेकडे आला. म्हणजे वर्गखोली गळते, स्वच्छतागृहाला पाणी नाही, शाळेच्या दारातल्या रस्त्याला गतिरोधक हवा, यातल्या कशासाठीही दार ठोठावायचं ते प्रभागातल्या नगरसेवकाचं. तो कोण, हे मतपेटी उघडण्याच्या कितीतरी आधी नकाशावर निम्म्याहून अधिक ठरलेलं असतं.

आमच्या शहरात ही रेघ किती वेळा पुसून पुन्हा आखली गेली, ते पाहा. २००७ला एका प्रभागाला एक नगरसेवक, असे १०५. २०१२ला दोनाचा प्रभाग, ६४ प्रभाग आणि १२८ जागा. २०१७ला चाराचा, ३२ प्रभाग. २०२२ला तीनाचा प्रभाग धरून १३९ जागांचा आराखडा निघाला, हरकती झाल्या, सुनावण्या झाल्या आणि ती रचना रद्द झाली. २०२५ला पुन्हा चाराचा. दर वेळी माणसाला नव्याने शोधावं लागतं की आपण आता कुणाच्या शेजारी आहोत.

ऑक्टोबर २०१६मध्ये चाराच्या प्रभागांचा प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला, तेव्हा मी निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. नकाशात नाला ही हद्द होती. रो-हाउसेस आणि शाळा एका प्रभागात, चाळ आणि तिच्यामागची वस्ती दुसऱ्यात. शाळेतली जवळजवळ निम्मी मुलं त्या चाळीतून यायची. नाल्यावर दोन सिमेंटचे पाइप टाकून केलेली वाट होती. पावसाळ्यात ती बुडाली की मुलं तीन-तीन दिवस वर्गात दिसत नसत. साकव व्हावा म्हणून आमची खटपट चालू होती. आता तो साकव दोन प्रभागांच्या मधोमध आला.

मी पेटून उठले. दोन संध्याकाळी फिरून २१२ सह्या गोळा केल्या. पत्रात लिहिलं की हा अन्याय आहे, यामागे राजकारण आहे, वसाहत तोडली आहे, तरी ती एकत्र ठेवावी. सगळ्या सह्या एकाच पत्राखाली. सुनावणीला राज्य निवडणूक आयोगाने नेमलेले सनदी अधिकारी होते. शांतपणे वाचलं त्यांनी. मग विचारलं, "बाई, तुम्हाला नेमके कोणते प्रगणक गट इकडे हवेत? आणि ते घेतले तर या प्रभागाची लोकसंख्या किती होईल?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. ज्या बाईने स्वतः त्या गटातली माणसं मोजली होती, तिला गटाचा क्रमांक सांगता आला नाही. दोन-तीन मिनिटांत आमचा नंबर संपला आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

घरी येऊन आराखड्याबरोबरची परिशिष्टं पहिल्यांदा नीट वाचली. गणित अवघड नव्हतं. २०११च्या जनगणनेप्रमाणे शहराची लोकसंख्या १७,२७,६९२. जागा १२८. एका जागेमागे साधारण १३,४९८ माणसं, चाराच्या प्रभागाला ५३,९९०. त्यात दहा टक्के कमी-जास्त चालतं, म्हणजे ४८,५९१ ते ५९,३८९. आमचा प्रभाग वरच्या मर्यादेला टेकलेला होता. चाळीचे तीन गट, सुमारे दोन हजार माणसं, त्यात घातली असती तर तो मर्यादेबाहेर गेला असता. आम्ही मागितलं ते नियमात बसणारं नव्हतंच. पण प्रभागाच्या दुसऱ्या टोकाला, महामार्गाच्या कडेला, तेवढ्याच लोकसंख्येचे गट होते. त्यांचं सगळं येणंजाणं शेजारच्या प्रभागात होतं. ते तिकडे द्या आणि हे इकडे घ्या, अशी अदलाबदल मागितली असती तर आमचं म्हणणं निदान तपासून पाहावं लागलं असतं.

म्हणून पहिली गोष्ट: हरकत ही तक्रार नसते, तो पर्यायी नकाशा असतो. कुठले गट काढायचे, कुठले घालायचे, प्रत्येकाची लोकसंख्या किती, बदलानंतर दोन्ही प्रभागांची बेरीज किती, हे एका पानावर मांडा. आयोगाच्या आदेशात रचनेचे निकष दिलेले असतात. हद्द शक्यतो मोठे रस्ते, नदी, नाले, रेल्वेमार्ग यांवरून जावी, वस्त्यांचं विभाजन टाळावं, प्रगणक गट फोडू नये, दळणवळण लक्षात घ्यावं. आपलं म्हणणं यातल्या कोणत्या निकषावर उभं आहे ते पहिल्याच ओळीत लिहा. आमच्या बाबतीत दोन निकष एकमेकांसमोर उभे होते, नाल्याची हद्द आणि वस्तीची एकसंधता. त्यात शाळा आमच्या बाजूने बोलू शकली असती. मुख्याध्यापकांकडून वस्तीवार पटसंख्या मागून घेता आली असती. मुलांची नावं नकोत, नुसते आकडे पुरेत. तो कागद २१२ सह्यांपेक्षा वजनदार ठरला असता.

नकाशावर भिस्त ठेवून थांबू नका. प्रत्येक प्रभागाबरोबर हद्दीचं शब्दांतलं वर्णन असतं, उत्तर, पूर्व, दक्षिण, पश्चिम असं. ते हातात घेऊन हद्द पायी चालून या. आम्ही नंतर चाललो तेव्हा लक्षात आलं की वर्णनातला "अस्तित्वातील रस्ता" एके ठिकाणी कंपनीच्या भिंतीआड गेला होता. तिथून पुढची बारा-पंधरा घरं कोणत्या प्रभागात, हे कुणालाच धड सांगता येईना. मुदत तोवर संपली होती. हरकतींसाठी मिळतात दोन आठवडे, फार तर. त्यातले पहिले चार दिवस नकाशा समजून घेण्यात जातात, हे धरून चाला. अर्ज दिला की आवक क्रमांकाची पोच घ्या. आणि एकच मजकूर शंभर जणांच्या नावाने देऊ नका. २०२२ला शहरात हजारो हरकती आल्या, त्यांत साच्यातून काढलेल्या पुष्कळ होत्या. वेगवेगळ्या माणसांनी आपापला वेगळा पुरावा दिलेल्या दहा हरकती मला अधिक मोलाच्या वाटतात: रिक्षावाल्याने रस्त्याचा, आशा सेविकेने आपल्या फेरीचा, पालकाने शाळेच्या वाटेचा. अंतिम रचना जाहीर झाल्यावर न्यायालयाची वाट फार अरुंद असते, कारण मतदारसंघ आखण्याच्या कायद्यांना न्यायालयात आव्हान देण्यावर राज्यघटनेतच बंधन आहे. सुनावणी हीच खरी जागा.

आता माझी दुसरी चूक, जी मला आजही टोचते.

त्या दोन संध्याकाळी मी सह्या घेतल्या त्या फक्त रो-हाउसेसमध्ये. नाला ओलांडून चाळीत गेले नाही. मनात होतं, की ही भाडेकरू माणसं, परभणी-लातूरची, सोलापूरची, काही उत्तर प्रदेशातली, यांची नावं मतदार यादीत कुठे आहेत? त्यांच्या सह्यांचा काय उपयोग? चाळीसाठी भांडायला मी चाळीला न विचारता गेले. आणि माझा समजही मुळातच चुकीचा होता. प्रभाग मतदारांवर बनत नाही, लोकसंख्येवर बनतो. यादीत नसलेला हेल्पर, त्याची बायको, तेव्हा पहिलीत जाणारी त्याची मुलगी, सगळ्यांना मीच २०११ला मोजलं होतं. प्रभागाच्या आकड्यात ती सहा वर्षांची मुलगी माझ्याइतकीच एक होती. तिच्यामुळे जागा मिळते आणि तिचाच आवाज जागा मिळवणाऱ्यापर्यंत पोचत नाही. ही दरी मी शिक्षिका असून पाहिली नाही.

पुढे काय झालं ते थोडक्यात सांगते. साकवासाठी एका बाजूला गेलो की "मुलांचे पालक आमच्या प्रभागातले नाहीत", दुसऱ्या बाजूला गेलो की "शाळा आमच्याकडे येत नाही". दोघांचंही म्हणणं कागदावर खरं होतं. तीन पावसाळे गेले. शेवटी साकव झाला तो चाळीतल्या बायकांनी पाइपांवर उभं राहून मुलांना हाताला धरून पलीकडे नेण्याचा नेम महिनाभर चालवला, आणि ते सगळ्यांना दिसत राहिलं, तेव्हा.

२०२५च्या ऑगस्टमध्ये पुन्हा प्रारूप आलं तेव्हा आधार तोच, २०११चा. चौदा वर्षांत मोशी, चऱ्होली, रावेत, वाकड, पुनावळे इथे केवढाल्या इमारती उभ्या राहिल्या. कुदळवाडीतली हजारो पत्राशेडं त्याच वर्षी फेब्रुवारीत पाडली गेली. कागदावरची माणसं मात्र जागची हलली नाहीत. २०१७ला शहराचे मतदार बारा लाखांच्या आत होते. १५ जानेवारी २०२६च्या मतदानाला ते सतरा लाखांवर गेले, म्हणजे २०११च्या जवळजवळ सगळ्या लोकसंख्येइतके. कागदावर सारख्या असलेल्या दोन प्रभागांत प्रत्यक्षात केवढा फरक पडला असेल! पण हरकतीत "आमच्याकडे आता खूप लोक राहतात" असं लिहून भागत नाही. जनगणनेचा आकडाच धरला जातो. तो आकडा मान्य करून त्याच्या आत काय मागता येतं ते मागा. आणि रचनेनंतर प्रभागवार मतदार यादीचं प्रारूप येतं, तेव्हा पुन्हा जागे व्हा. तिथे अख्खी इमारत पलीकडच्या प्रभागात गेलेली सापडते. ती हरकत वेगळी, तिची मुदतही वेगळी.

माझी भाची चाकणच्या बाजूला, निघोजे-म्हाळुंगे पट्ट्यात राहते. तिला वाटायचं हे सगळं शहराचं. मी तिला सांगितलं, तुमच्याकडे तर शाळा जिल्हा परिषदेची आणि परिषदेत तुमच्या वतीने बसतो तो तुमच्या निवडणूक गटाचा सदस्य. जिल्हा परिषदेच्या गटांचा आणि पंचायत समितीच्या गणांचा आराखडा म्हणजे तुमच्या शाळेचाच मतदारसंघ. जुलै २०२५मध्ये तो प्रसिद्ध झाला तेव्हा हरकतींना आठवडाच होता. चाकणच्या कारखान्यांत पहिली, दुसरी, रात्रपाळी करणाऱ्या माणसाला तहसील कार्यालयात जाऊन नकाशा बघायला तो आठवडा कुठून पुरणार? तिने तोडगा काढला. वेगवेगळ्या पाळीतल्या तिघांनी कामं वाटून घेतली. एकाने नकाशाचे फोटो आणले, एकाने गावांची लोकसंख्या उतरवून घेतली, एक जण अर्ज द्यायला गेला. संघटनेचं नाव नाही, फलक नाही.

शाळेतही हीच रेघ असते, फक्त लहान. शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत पंचाहत्तर टक्के पालक हवेत आणि निम्म्या स्त्रिया. मार्च २०२२पासून जवळजवळ चार वर्षं महापालिकेत नगरसेवकच नव्हते. त्या काळात शाळेबद्दल बोलणारी, पालकांनी निवडलेली हीच एक जागा उरली होती. आमच्या शाळेत पालकसभा कामाच्या दिवशी सकाळी अकराला व्हायची. येणारे सगळे नाल्याअलीकडचे, निवडून येणारेही तेच. वर्गवार प्रतिनिधी बरोबर, स्त्रिया बरोबर, कागद नियमाप्रमाणे चोख, आणि चाळीतलं एकही माणूस नाही. आता सभा रविवारी होते, त्याआधी वस्तीवार मुलांची संख्या फळ्यावर लिहितात, आणि मगच नावं सुचवतात. मागच्या खेपेला पाइपांवर उभ्या राहणाऱ्या बायकांपैकी दोघी निवडून आल्या. एकीने पहिल्याच बैठकीत दुपारच्या सत्राच्या खिचडीचा प्रश्न काढला. सकाळच्या सत्राच्या पालकांनी तो कधी ऐकलाच नव्हता.

नव्या जनगणनेचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ आहे. माझी एक विद्यार्थिनी आता शिक्षिका आहे, तिलाही हे काम लागेल. परवा ती भेटायला आली तेव्हा मी तिला नाल्यावर घेऊन गेले. साकवावर उभं राहून गोदामाची भिंत दाखवली, चाळीतल्या खोल्या कुठून सुरू होतात ते दाखवलं. नव्या खोल्या मागच्या बाजूला चढल्या आहेत, रस्त्यावरून त्या दिसत नाहीत. तिने वही काढली आणि मागच्या दारांची मोजणी सुरू केली.